चौथा ठोका

दुपारचे तीन वाजले होते. राहात्याजवळच्या आमच्या दूध डेअरीत मालनबाईंची खात्यांतर्गत चौकशी होती, आणि त्यांची बाजू मांडायला युनियनने मला बसवलं होतं. का, तर मी बी.एस्सी. झालेली. साधं दार आपटलं तरी मी दचकते, हे कुणी लक्षातच घेतलं नाही.

मालनबाईंची नोकरी जाणार होती. महिन्यापूर्वी घंटा ऐकून त्यांनी पॅकिंगच्या अकरा बायका बाहेर काढल्या. मॅनेजरचं म्हणणं, घंटा वाजलीच नाही. बाई परवानगीशिवाय मशीन सोडून गेल्या. घंटा म्हणजे आवारात टांगलेला रुळाचा तुकडा. थंडाव्याच्या मशीनमधला विषारी अमोनिया वायू गळायला लागला की कॉम्प्रेसरवरचे राधाकृष्णदादा त्यावर तीन ठोके मारायचे. मग आवारातल्या लिंबाखाली सगळ्यांची मोजणी. कुणी आत राहिलं असेल तर आणखी एक ठोका. दादांना जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून त्यांचा हातोडा कपाटात कुलूपबंद होता. तोच मॅनेजरने पुरावा म्हणून टेबलावर ठेवला होता.

"मग वाजवली कुणी?" चौकशी अधिकाऱ्यांनी विचारलं.

मालनबाई खाली बघतच म्हणाल्या, "दादांचाच हात हुता सायेब. बारा वर्सं ऐकलाय मी."

"मग त्यांनाच बोलवा साक्षीला," मॅनेजर हसला.

बाहेर कॉम्प्रेसरची घरघर अडखळली... आणि ठण्ण. ठण्ण. ठण्ण.

हातोडा टेबलावरच होता. आम्ही चौघंही त्याच्याकडेच बघत होतो. मग दाराच्या फटीतून तो वास आला, नाक जाळणारा. सगळ्यात आधी मॅनेजर पळाला, खुर्ची पाडून.

लिंबाखाली सगळी डेअरी जमली. मी मॅनेजरकडे वळले. माझा आवाज कापत होता, पण निघाला. "साहेब, तुम्ही परवानगी कुणाची घेतलीत?"

आधी कुणीतरी खुदकन हसलं, मग सगळेच. अधिकाऱ्यांनी चुरचुरणारे डोळे पुसत गुडघ्यावरच कागद घेऊन लिहिलं: आरोप सिद्ध होत नाही, बाईंना उद्यापासून कामावर घ्यावं. मालनबाईंनी मला कवेत घेतलं. "भित्री म्हनं! वाघीन हायस तू, ताई." बायकांनी टाळ्या पिटल्या. एवढ्या ताठ मानेने मी आयुष्यात कधी उभी राहिले नव्हते.

त्या गलक्यातच मी हजेरी घेतली. एकेचाळीस नावं, एकेचाळीस माणसं. आत कुणीच नव्हतं.

तेव्हा चौथा ठोका पडला.

मालनबाईंचा हात माझ्या खांद्यावर घट्ट झाला. "ताई... परत मोज."

मी परत मोजलं. एकेचाळीस. रुळाजवळ कुणीच नव्हतं, आणि हातोडा तर माझ्याच हातात होता. पळताना कधी उचलला, आठवत नाही.