शाल ठेवलेली जागा

"अहो... उठा ना. तुम्ही माझ्या आईच्या जागेवर बसलाय."

चर्चचा ऑर्गन दुरुस्त करायला आलेला तो तरुण दचकून उठला. बाहेर डोंगर धुक्यात बुडालेला, आत अंधूक उजेड. हत्यारांची पिशवी उतरवून दिसेल त्या बाकावर टेकला, तो नेमका एका करड्या शालीवर.

"माफ करा. आई येतायत का?"

"गेली ती... मागच्या हिवाळ्यात," बेकरीवाल्यांची मुलगी म्हणाली. "आमच्याकडे गेलेल्या माणसाची जागा वर्षभर राखतात. शाल असेल तिथे बसायचं नाही."

गाव वसलं तेव्हा पहिल्या घरांनी आपापले बाक खांद्यावरून डोंगर चढवून आणले होते. तेव्हापासून ज्याचा बाक त्याचा. कोण कुठे बसलं यावरून अजूनही रुसवेफुगवे होत.

"मग मी कुठे बसू?"

"परक्यांनी मागे उभं राहायचं."

"आणि परकं राहायचं नसेल तर?"

"आधी ऑर्गन वाजू दे," ती म्हणाली खरी, पण कान तापले होते तिचे.

ऑर्गनच्या भात्याचं कातडं उंदरांनी कुरतडलं होतं. ती रोज दुपारी गरम पाव घेऊन यायची आणि तासभर रेंगाळायची. तो आत डोकं घालून स्वर जुळवायचा, ती बाहेर पट्टी दाबून धरायची.

"सोडू का आता?"

"मी सांगेन तेव्हा."

"तुम्ही सांगतच नाही."

"हो ना... सांगावंसंच वाटत नाही."

शनिवारी काम संपलं. हात पुसता पुसता तो म्हणाला, "उद्या तुमच्या बाकावर माझ्यासाठी जागा असेल, तर राहतो मी. इथेच काहीतरी करीन. नसेल तर... सकाळचीच बस आहे."

ती उत्तर देणार, तोच दारातून बाबांची हाक आली. बरंच झालं, तिला वाटलं. उत्तर बाकावरच देऊ.

आईचं वर्ष त्याच आठवड्यात भरलं होतं. करडी शाल तिने घडी करून पेटीत ठेवली आणि रविवारी बाकावर स्वतःची निळी शाल अंथरली. जिवंत माणसासाठी जागा राखायची ती अशीच. येणाऱ्याने शाल उचलायची, आपल्या खांद्यावर ठेवायची आणि शेजारी बसायचं. हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. बाबांनी शाल पाहिली, खाकरले आणि मुकाट्याने थोडे सरकून बसले.

ऑर्गन वाजू लागला. मागून पावलं आली... बाकापाशी थबकली. ती मान खाली घालून बसली. वळून पाहिलं असतं तर सगळ्या चर्चला तिचा चेहरा दिसला असता. पावलं परत मागे गेली. छत्री ठेवायला गेला असेल, तिने मनाशी म्हटलं, आणि प्रार्थना संपेपर्यंत तेच घोकत राहिली.

दाराशी घंटावाले काका उभे होते.

"गेला की तो. मी म्हटलं, अरे बस जाऊन तिकडे. तर म्हणाला, नको काका, अजून शाल आहे तिथे. शाल असेल तिथे बसायचं नाही, तिनेच सांगितलंय. मी काही समजावेपर्यंत निघूनही गेला."

ती वळणापर्यंत धावत गेली. बस केव्हाच धुक्याखाली उतरली होती.

तो गावोगाव फिरणारा. त्याचा पत्ता विचारून ठेवायचं पाद्रीबाबांनाही सुचलं नव्हतं.

आता दर रविवारी ती त्याच बाकावर बसते, शालीशिवाय. ओठांनी प्रार्थना म्हणते, पण कान ऑर्गनकडे असतात. एखादा स्वर बेसूर लागावा, भाता फाटावा, म्हणजे कुणीतरी त्याला शोधून आणेल. अशी प्रार्थना करणं पापच असणार, तरी ती करते.

पण एकही स्वर चुकत नाही. काम फार चांगलं केलं होतं त्याने.