चाखणं म्हणजे खाणं नव्हे!

"अहो, लिफ्ट एवढ्यात दुरुस्त करू नका हं!"

तळमजल्यावरच्या लिफ्टच्या खड्ड्यातून एक डोकं वर आलं. गालाला ग्रीस, कपाळावर आठी.

"का बरं? इथं सगळी इमारत माझ्या नावानं खडे फोडतेय!"

"मला सहा मजले चढायचेत. लिफ्ट चालू असली की माझे पाय आपोआप आत वळतात."

"तुमचे पाय तुम्हीच आवरा, बाई. पाचव्या मजल्यावरच्या आजी घरात अडकून पडल्यात." पण बोलता बोलता तो हसला... आणि ते हसू तिला तिसऱ्या मजल्यापर्यंत पुरलं. पुढे धाप लागली.

हौस म्हणून का कुणी असं मरमर चढतं? तिच्या बाबांचं लिव्हर निकामी होत चाललं होतं. लिव्हरचा तुकडा द्यायला घरात रक्तगट जुळला तो हिचाच, पण हिच्याच लिव्हरवर चरबी! डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "तीन महिन्यांत सात किलो उतरवा, मग बघू. तोवर औषधांवर निभेल." त्या दिवसापासून बाईसाहेब पेटून उठल्या होत्या. पहाटे मैदानाच्या दहा फेऱ्या, संध्याकाळी जिना, रात्री नुसतं सूप.

लिफ्ट त्याच दिवशी सुरू झाली. पण लिफ्टवाला रोज संध्याकाळी 'तपासणी'ला हजर! हत्यारांची पिशवी खांद्याला लावून तिच्यासोबत जिना चढायचा.

"मशीन गच्चीवर आहे ना," तो म्हणायचा.

"मग लिफ्टनं जा की."

"स्वतः दुरुस्त केलेल्या लिफ्टवर भरवसा ठेवू?"

दीड महिना झाला. वजन उतरलं किती? एक किलो! ती चौथ्या मजल्याच्या पायरीवर बसली आणि ढसाढसा रडायला लागली.

"माझ्यामुळे बाबा जाणार... काटाच खोटा आहे मेला!"

तो दोन पायऱ्या खाली बसला. "आमच्याकडे लिफ्ट वर जाईना की मोटरला शिव्या देण्याआधी आत काय काय चढलंय ते बघतात. दिवसभरात काय खाता?"

"एक अंडं, भाजी, सूप. बास!"

"आणि कामावर?"

"काही नाही. बिस्किटाच्या कारखान्यात चव बघते मी. प्रत्येक ट्रेमधलं एक."

"ट्रे किती?"

"चाळीसेक."

तो बघतच राहिला. "रोज चाळीस बिस्किटं?"

"अहो, ते काम आहे! चाखणं म्हणजे खाणं नव्हे..."

वाक्य तिच्याच कानांवर पडलं आणि ती बोटांवर हिशेब करू लागली. नऊ वर्षं नोकरी केली, पण ती बिस्किटं तिनं कधी मोजलीच नव्हती. इकडे जिना झिजवायचा, तिकडे दुप्पट पोटात! तिला स्वतःचा भयंकर राग आला, आणि त्याच्या समोर हसूही फुटलं.

दुसऱ्या दिवशी कामावर ती टेबलाशी एक पेला घेऊनच बसली. एक घास, चावायचा, थुंकायचा, चूळ भरायची. साहेबांनी नाक मुरडलं.

"साहेब, चव जिभेला कळते, पोटाला नाही," तिनं ठणकावलं.

जिना मात्र सोडला नाही. आता काटा हलायला लागला. एक... तीन... पाच... आणि तीन महिने भरायच्या आदल्या दिवशी, सात!

डॉक्टरांनी नव्यानं तपासण्या केल्या आणि मान डोलावली.

ऑपरेशननंतर दहा दिवसांनी ती घरी परतली. बाबा अजून दवाखान्यात होते, पण डोळ्यांतला पिवळेपणा उतरला होता. आई त्यांच्यापाशीच थांबली होती. हिला जिना बंद होता, टाके ओले होते. खाली लिफ्टचं दार धरून कोण उभं असणार?

"आज लिफ्टनं," तो म्हणाला.

दार लागलं. लिफ्ट निघाली.

"एक विचारू? लिफ्ट रोज तपासावी लागते?"

"छे. महिन्यातून एकदा."

"मग बाकीचे एकोणतीस दिवस...?"

त्याचे कान लालबुंद झाले. "सांगतो. पण... सहावा मजला लगेच येतो हो."

जिची पावलं तीन महिने या दारावरून धावत पुढे गेली होती, तिनं पोटावरचे टाके सांभाळत हात लांबवला आणि दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा — सगळी बटणं दाबली.

"आता सांगा," ती म्हणाली, "अगदी सावकाश."