सतराव्या पानावरचे दात

काळेगव्हाणच्या बोअरचं पाणी काचेसारखं नितळ होतं. वास नाही, चव नाही. मग गावातल्या जवळजवळ प्रत्येक मुलाच्या दातांवर तपकिरी पट्टे का? अकरा वर्षांच्या चैताली मडावीला याचं उत्तर कोणीच देत नसे. "नीट घासत नाहीस," एवढंच सगळे म्हणत. ती बिचारी दिवसातून तीनदा घासत होती.

२०५१ च्या जानेवारीत संज्ञा बोरकुटे शाळेत आली. ती एका जलसंशोधन संस्थेत पीएचडी करत होती. लोकांशी बोलायचं कसं आणि त्यांना सोबत घेऊन काम कसं करायचं, याचं प्रशिक्षण संस्थेने सक्तीचं केलं होतं. आज तिची त्यातली परीक्षा होती. परीक्षक होता कानसेन नावाचा यंत्रमानव. ऐकणाऱ्यांना समजलं, तरच त्याच्या छातीवरचा लाल दिवा हिरवा होई.

गावकरी जमले. संज्ञाने पडद्यावर नकाशा लावला. "येथील खोल जलधरात फ्लोराइडची सांद्रता मर्यादेपेक्षा अधिक आढळते."

(जलधर म्हणजे पाणी धरून ठेवणारा खडकाचा थर आणि सांद्रता म्हणजे विरघळलेल्या पदार्थाचं प्रमाण. पण हे तिथे कोणी सांगितलंच नाही.)

मोठ्यांनी माना डोलावल्या. दिवा लालच राहिला. चैतालीचं लक्ष मात्र नकाशाखालच्या तारखेवर गेलं.

"ताई, हे तीन वर्षांपूर्वीचं आहे?"

"हो. तेव्हाच आम्ही ग्रामपंचायतीला अहवाल पाठवला होता. चाळीस पानांचा."

"दातांचं होतं त्यात?"

"सतराव्या पानावर."

चैताली ताडकन उठली. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं! आम्ही तीन वर्षं तेच पाणी प्यायलो. घासून घासून हिरड्यांतून रक्त काढलं, वर बोलणी खाल्ली. आणि तुम्ही सतराव्या पानावर लिहून मोकळ्या झालात?"

"आम्ही कळवलं होतं गं..."

"कोणाला कळलं?"

संज्ञाचा चेहरा उतरला. तिने पडदा बंद केला आणि ती मुलांजवळ सतरंजीवर येऊन बसली.

"तुमची बोअर तीनशे फूट खोल आहे," ती सावकाश म्हणाली. "तिथलं पाणी वर्षानुवर्षं खडकात अडकून असतं. चहात साखर विरघळते ना, तसं खडकातलं फ्लोराइड त्या पाण्यात हळूहळू उतरतं. ते दिसत नाही. पण जास्त झालं की हिरडीच्या आत घडणाऱ्या दातांवर डाग पडतात. पुढे हाडंही दुखतात. पाणी उकळलं तरी ते जात नाही."

"आणि शाळेमागची विहीर?" चैतालीने विचारलं.

"ती उथळ आहे. तिथे पाणी खडकात फार काळ राहत नाही, म्हणून फ्लोराइड कमी असेल. पण तपासल्याशिवाय मी 'प्या' म्हणणार नाही."

कानसेन सरपंच सुमनबाईंकडे वळला. "काय समजलं, तुमच्या शब्दांत सांगा."

"बोअरचं पाणी धुण्याभांड्याला. प्यायला नाही, उकळूनसुद्धा नाही. विहीर आधी तपासायची."

दिवा हिरवा झाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, चैतालीने नाही.

"चुकलं आमचं," संज्ञा तिला म्हणाली. "पुढे उभं राहून बोललं की झालं नेतृत्व, असं वाटायचं मला. पुढच्या महिन्यात संस्थेत संशोधकांची नवी तुकडी येते आहे. मला बोललीस तेच त्यांना येऊन बोलशील?"

"बोलेन." चैतालीचा राग अजून उतरला नव्हता. "पण आधी विहीर. बाटली आणली आहे का?"

संज्ञाने पिशवीतून नमुन्याची बाटली काढली आणि दोघी विहिरीकडे निघाल्या. अंगणवाडीतल्या चौदा मुलांचे पक्के दात अजून हिरड्यांच्या आत घडत होते. त्यांच्यासाठी वेळ गेलेली नव्हती.