भुईला टेकलेली वीणा

चैत्रातली पहाट फुटत होती. करंजगडाच्या माथ्यावरच्या भगव्याला उजेड शिवला होता, परंतु पायथ्याचे करंजगाव अजून गडाच्याच सावलीत होते. आणि त्या सावलीत, राममंदिराच्या मंडपात, समयांच्या ज्योती मंदावत असता, रंगोबुवा हरिदास गळ्यात वीणा घालून रामजन्माच्या कीर्तनाला उभे राहिले होते. सारे गाव मंडपात दाटले होते. पाठीशी मृदंगावर गिरमाजीपंत बसले होते.

गिरमाजीपंत गडाचे सबनीस. पण बुवांना ते ठाऊक होते मृदंगाचे म्हणून. बुवांचा शब्द ओठांत असावा, तोवर पंतांची थाप त्याच्या स्वागताला दारात उभी असावी, अशी ती जोडी.

आदल्या सायंकाळी पंत बुवांच्या ओसरीवर आले होते.

"बुवा, उद्या किल्लेदार बयाजीराव नगाऱ्याची परीक्षा घेणार. ऐन कीर्तनात ठोका पडेल. म्हातारीकोतारी धावतील, पडतील, आणि रामजन्म राहील बाजूला. उठू नका म्हणून तेवढं लोकांना सांगून ठेवा."

"बयाजीरावांची आज्ञा आहे का तशी?"

"आता माझ्या शब्दालाही साक्ष लागते का, बुवा?" पंत हसले, आणि त्यांनी वीणेवर हात ठेवला. मग बुवांनी पुढे विचारले नाही. सांजआरतीला त्यांनी गावाला सांगितले, की उद्याचा नगारा परीक्षेचा आहे, कोणी हरीच्या दारातून हलू नये.

करंजगावची रीत मात्र आज्यापणज्यापासूनची होती. शत्रू दिसून बुरुजावर धावणीचा ठोका पडला, की हातातले टाकावे, चूल विझवावी, गुरांची दावी सोडून ती रानात हाकलावी, आणि पोरेबाळे पुढे घालून गड चढावा. सर्वांत मागे शिंगवाला निंबाजी असे. गाव आत पोचल्यावर त्याने शिंग फुंकायचे, आणि ते ऐकल्यावाचून दरवाजा लावायचा नाही. 'गाव बाहेर असता दार लागणार नाही,' हा किल्लेदार बयाजीरावांनी बेलभंडारा उचलून दिलेला शब्द मुलुखात सर्वांना ठाऊक होता. शत्रूलाही ठाऊक होता.

पूर्वरंग रंगात आला, आणि गडावर नगारा कडाडला.

लोक एकमेकांकडे पाहून हसले. "वाजव बाबा, वाजव," कोणी म्हणाले. बुवाही हसले आणि पद पुढे चालले. पण पदाला आज काहीतरी नडत होते. मृदंग चढला होता. ज्या पंतांनी आजवर बुवांचा एक शब्दही झाकला नव्हता, त्यांचीच थाप आज शब्दांवर, झांजांवर, बाहेरच्या नगाऱ्यावर आदळत होती.

बुवांनी मागे पाहिले. प्रवासाला निघावे तशी पंतांची कंबर कसलेली होती. मग त्यांनी बायकांच्या बाजूला पाहिले.

"पंत," कीर्तनातल्या थट्टेच्या सुरात बुवा म्हणाले, "वहिनी दिसत नाहीत आज?"

"माहेरी गेल्यात."

"रामजन्माला माहेरी? बरं, मातोश्री?"

"त्याही... त्यांच्याबरोबर."

"सुनेच्या माहेरी सासू," बुवा म्हणाले. "असं रामायणातही झालं नाही."

मंडप खदखदला. पंतांचा हात मात्र मृदंगावर थांबला, आणि त्या उसंतीत नगारा स्वच्छ ऐकू आला. परीक्षेचा नगारा घटकाभराने थकतो. हा थकत नव्हता. तो कोणाला तरी हाका मारीत होता.

वीणेवर ठेवलेला पंतांचा तो हात बुवांना आठवला.

"उठा," ते म्हणाले. "सगळे उठा. नगारा खरा आहे."

कोणी उठले नाही. पुढे बसलेली सखूआजी म्हणाली, "महाराज, कालच तर तुम्ही म्हणालात उठू नका. आमची परीक्षा बघता व्हय?"

आपलाच शब्द गावाच्या पायांत बेडीसारखा पडला होता, आणि ती दुसऱ्या शब्दाने तुटणार नव्हती. आरती होईपर्यंत हरिदासाची वीणा भुईला टेकत नाही, हे करंजगावातले शेंबडे पोरही जाणत होते. बुवांनी गळ्यातली वीणा काढली, रामरायाकडे एकदा पाहिले, आणि ती फरशीवर आडवी ठेवली.

मग सखूआजी गुडघ्यांवर हात टेकून उठली. "चला गं," ती म्हणाली, "चुली विझवा." तिच्यामागे गाव उठले. त्या गर्दीत बाजूच्या दाराने पंत निसटले.

गाव गड चढू लागले तेव्हा खिंडीत बादशाही स्वारांची धूळ दिसत होती. बुवा सर्वांच्या मागे, निंबाजीच्या बरोबरीने चालत होते. वाटेत सखूआजीचे पाय राहिले.

"निंबाजी, आजीला पाठीवर घे. शिंग माझ्याकडे दे."

"आन् बुवा, तुमी?"

"माझ्या शब्दानं बसले होते सगळे. शेवटचा मीच यायचा. जा."

निंबाजी आजीला घेऊन दरवाजात शिरला तेव्हा बुवा शेवटच्या वळणावर होते, आणि टापा त्यांच्या पाठीशी. आपण आत पोचेपर्यंत बयाजीराव दार लावणार नाहीत. आणि आपल्यामागून आत शिरेल तो गावाचा काळ असेल, हे त्यांना कळले. ते तिथेच थांबले, आणि त्यांनी शिंग ओठांना लावले.

गाव आत आले. दार लावा.

कड्यांतून तो स्वर घुमला, आणि करंजगडाचा दरवाजा बंद झाला.

स्वारांनी त्यांना घेरले. त्यांच्यात घोड्यावर गिरमाजीपंत होते.

"बुवा," त्यांचा चेहरा उतरला होता, "तुमच्या केसालाही धक्का लागू नये, असं मी कबूल करून घेतलं होतं."

"आणि सखूआजीच्या?"

पंतांनी नजर बंद दरवाजाकडे वळवली.

"पंत, मृदंग फार सुरेख वाजवायचात तुम्ही," बुवा म्हणाले. माध्यान्हीला गडावर बायांनी रामाचा पाळणा म्हटला, त्याआधीच स्वारांच्या हातून वळणावर बुवांचा देह पडला होता.

गड पडला नाही. वेढा उठल्यावर लोक खाली आले, तेव्हा मंदिराचे दार मोडलेले होते. वीणा होती तिथेच, भुईवर.

त्यानंतर दर रामनवमीला, ऐन कीर्तनात, बयाजीराव नगारा वाजवू लागले. ठोका पडला, की हरिदास आधी वीणा खाली ठेवी आणि गाव गड चढे. वाटेत एखादा नवखा विचारीच, खरा आहे की परीक्षेचा? सखूआजी होती तोवर ती त्याला म्हणे, "ते वर गेल्यावर इचारायचं, बाबा."