पहिला झोका

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सकाळी सारिकाने मुख्तार मिस्त्रीला बोलावलं ते एका साध्या कामासाठी. मधल्या खोलीतल्या तुळईला झोक्याच्या दोन लोखंडी कड्या होत्या, त्या काढायच्या होत्या. नवरा, दीपक, डांगरं, म्हणजे खरबुजं, आणायला बाजारात गेला होता. तो परतायच्या आत.

"झोका मग कुठे बांधणार, भाभी?" मुख्तारने स्टुलावर चढत विचारलं.

"बांधायचाच नाही."

धरणगावातली ही जुनी ओळ. एकाला एक लागून सात घरं, वर मातीचं सपाट धाबं मात्र एकच. सगळा भार सागाच्या खांबांवर; भिंती म्हणजे खांबांमधली जागा बुजवायला रचलेली कच्ची वीट. भिंत पडली तरी आमचं घर पडत नाही, असं ओळीतले लोक छाती फुगवून सांगत, आणि पावसाळ्यात एखादी भिंत पडायचीही. दोन घरांमधला खांब सामाईक. खांबांच्या डोक्यावरून तुळई पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत गेलेली, लाकडात लाकूड अडकवून, लाकडाचीच खुंटी ठोकून सांधलेली. एका घरात कोणी झोका घेतला की कुरकुर सातही घरांत ऐकू जाई. या ओळीत कुणाचंच गुपित टिकलं नाही ते त्या तुळईमुळे.

सारिकाला मात्र त्या कड्या डोळ्यांसमोर नको होत्या. त्या दीपमालेच्या झोक्याच्या. दीपमाला म्हणजे दीपकची पहिली बायको, तापाने गेलेली. तिचा फोटो सारिकाने कपाटात ठेवला, साड्या बोहारणीला दिल्या, तरी बाई घरातून हलेना. कारण दर आखाजीला दीपक त्या कड्यांना तेल लावायचा, लेकराला न्हाऊ घालावं तसं. बाहेरच्या मुलखातून आलेल्या सारिकाशी तो शाळेतल्यासारखं मराठी बोले, नीट, अदबीने. त्याची घरची बोली, अहिराणी, तिच्या वाट्याला कधी आलीच नाही. मेलेल्या सवतीशी भांडायचं तरी कसं? जिवंत असती तर झिंज्या तरी उपटता आल्या असत्या. सारिकाला नवरा अख्खा हवा होता, उष्टा नको.

शेजारची कुंदाबाई दारातून डोकावली आणि वरची दोन भोकं बघून तिथंच थबकली.

"कड्या कसाले काढ्यात वं? आज आखाजी शे."

"असंच, अक्का."

"गयेल बाईले पहिला झोका देना पडस. रिकामा सोडना पडस. बठ्ठी वळ सोडस." गेलेल्या बाईसाठी पहिला झोका रिकामा सोडायची ही ओळीची रीत सारिकाला ठाऊक होती. कुंदाबाईने आवाज उतरवला. "ती वाट दखस ना…"

"बघू दे वाट," सारिका म्हणाली. बोलताना तिला बरं वाटलं, खोटं कशाला बोला.

दीपक आला. त्याने वर बघितलं. स्टुलावर चढून भोकांत बोट घालून बघितलं. सारिका भांडायच्या तयारीने पदर खोचून उभी होती, पण तो सरळ पानावर बसला. आमरस, पुरणपोळी, सांजोऱ्या, सगळं जेवला आणि मधल्या खोलीतल्या सामाईक खांबाला पाठ टेकून बसल्या बसल्या झोपला.

दुपार उतरायला लागली. बाया गौराई घेऊन गाणी म्हणत तळ्याकडे निघाल्या, पोरंसोरं त्यांच्यामागे गेली. बाकीची सहाही घरं रिकामी झाली. बाहेर ऊन नुसतं पेटलेलं आणि आत धाब्याखाली गारवा. सारिका भांडी घासत होती.

कर्र… कर्र…

कुंदाबाईपलीकडच्या रतिलालच्या घरातला झोका असेल, तिला वाटलं. पण रतिलालच्या दाराला कुलूप होतं. आवाज पुन्हा आला, आणि वरच्या दोन भोकांतून लाकडाचा भुसा झिरपत खाली पडला. खोलीत ओल्या मेंदीचा वास भरला, आखाजीला बाया हातापायांना लावतात तशा.

दीपकचे डोळे मिटलेले होते. त्याचा उजवा हात मात्र पुढे जात होता, हवेत थांबत होता, हलकेच मागे लोटला जात होता आणि पुन्हा पुढे जात होता. कुणाला तरी तो झोका देत होता. जपून, लाडाने. तसा हात सारिकाच्या पाठीवर एकदाही पडला नव्हता.

"अहो… उठा ना…"

कर्र… कर्र…

तिला आधी भीती वाटायला हवी होती. पण आधी पेटला तो मत्सर. माझ्या घरात, माझ्या नवऱ्याच्या हातून, माझ्या डोळ्यांदेखत! ती तरातरा पुढे गेली आणि त्याच्या हातासमोरच्या रिकाम्या जागेत दोन्ही तळवे घालून तिने जीव खाऊन धक्का मारला.

तिथे पाठ होती. उबदार, घामाने ओलसर.

तुळई कडाडली. आवाज भिंतीपलीकडे कुंदाबाईच्या घरात गेला, तिथून रतिलालच्या, तिथून पुढच्या, लांब लांब होत ओळीच्या टोकाला पोचला. मग सगळं शांत झालं.

"गेली," सारिका म्हणाली. तिच्या तोंडावर हसू होतं. "गेली एकदाची."

तेवढ्यात ओळीच्या त्या टोकाला लाकूड कुरकुरलं. झोका परत निघाला होता. एकेका घरातून आवाज वाढत येत होता. रतिलालच्या घरात एक भांडं पडलं. कुंदाबाईच्या घरात फळीवरचे सगळेच डबे कोसळले.

"अहो, बाजूला व्हा…" तिने त्याचा दंड धरून ओढला. तो तसूभरही हलला नाही. खांबाला पाठ देऊन, दोन्ही हात पसरून तो बसला होता.

आवाज भिंतीतून आत आला आणि थांबला. दीपकची छाती जराशी दबली, बस, इतकंच. त्याच्या पांढऱ्या बनियनवर दोन लहान पावलं उमटली, ओल्या मेंदीची. आणि तो हसला. पोटातून, खळखळून. लग्न झाल्यापासून सारिकाने हे हसू ऐकलं नव्हतं.

मग मिटल्या डोळ्यांनीच त्याने मान तिच्याकडे वळवली आणि पहिल्यांदाच तो तिच्याशी अहिराणीत, इतक्या मायेने बोलला.

"परत… आखो एकदाव लोट वं, सारिका… तिले आवडनं."