सकाळी सातची वेळ

"पेशंट कुठंय?" माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघत त्यानं विचारलं.

"तुमच्या समोर बसलाय की!"

"अं... तुम्ही?" बिचारा ओशाळला. नव्वद साल उजाडलं, तरी सव्वीस वर्षांच्या मुलीला संधिवात असतो हे आमच्या जळगावात कुणाला पटतच नव्हतं. तो धरणगावचा भटू. आई द्रौपदाबाईंचे गुडघे दाखवायला दवाखान्यात आला होता.

"तुले बी वात शे का वं माय?" म्हातारीनं माझ्या सुजलेल्या बोटांवरून हात फिरवला. त्यांची वयानं झालेली झीज, माझा आमवात. डॉक्टर दरवेळी बजावायचे, बरं वाटलं तरी गोळ्या सोडायच्या नाहीत. आणि आई? स्थळ बघायला येणार म्हटलं की गोळ्याच लपवून ठेवायची. वर वांगं बंद! खानदेशात राहून भरीत नाही, सांगा आता.

मग दर महिन्याचा एक बुधवार आमचा झाला. दवाखान्याबाहेरच्या टपरीवर मी कप दोन्ही तळव्यांत धरायची. तिसऱ्या बुधवारी बघते तर यानंही तसाच धरलेला.

"नक्कल करताय?"

"छे! ऊब लागते... बरं वाटतं."

मला तो आवडायला लागला होता. मधले दिवस संपता संपत नसत.

सकाळ सगळ्यात वाईट. नऊपर्यंत बोटं उघडायचीच नाहीत. गरम पाण्यात हात बुडवून मी एकटीच बसायची. म्हणून तर आई स्थळांना दुपारी चारला बोलवायची. चारला मी पोह्यांचा ट्रे धरू शकायची, हसूही शकायची.

आणि एका बुधवारी तो म्हणाला, "रविवारी... रीतसर बघायला येऊ? किती वाजता?"

"दुपारी चारला." अगदी पाठ झालेलं उत्तर! माझीच मला चीड आली. "नाही— सकाळी सातला या. तेव्हा माझ्याच्यानं कपही उचलवत नाही. ते बघा, मग ठरवा."

तेवढ्यात आतून द्रौपदाबाईंचं नाव पुकारलं. तो उठला आणि आईला धरून आत घेऊन गेला. पिंप्राळ्याला घरी पोचेपर्यंत मी रिक्षात रडत आले.

रविवारी बरोबर सातला दार वाजलं. आई लगबगीनं निघाली.

"थांब, मीच उघडते."

बोटांनी कडी सरकेना. तळव्यानं ढकलून बघितलं, मनगटानं बघितलं...

"सावकाश, मंदा," बाहेरून आवाज आला. "मला घाई नाही."

"चहा तुम्हालाच करावा लागेल!"

"ठाऊक आहे. घरच्या म्हशीचं दूध आणलंय."