रोज विझणारी शेगडी

मान्सिक पहिल्यांदा दारात उभा राहिला, तेव्हा बुसानच्या टेकडीवर समुद्राचं धुकं इतकं दाटलं होतं, की इन्दोकला आधी पत्र्याचा डबा दिसला आणि मग तो धरणारा माणूस.

"शेजारी राहायला आलोय. थोडा विस्तव मिळेल?"

लढाई थांबून वर्ष होत आलं होतं. टेकडीवरच्या फळकुटांच्या झोपड्यांत काडेपेटीची चैन कुणालाच परवडत नव्हती, त्यामुळे विस्तव मागण्यात नवल काहीच नव्हतं. इन्दोकने चिमट्याने निखारे डब्यात टाकले. त्याने तिच्याकडे पाहिलं… जरा जास्तच वेळ.

दुसऱ्या दिवशी स्वारी पुन्हा हजर. मग रोजच.

गंमत अशी, की हा गडी सैनिकांनी फेकलेल्या डब्यांच्या शेगड्या बनवायचा. निम्म्या टेकडीचा भात त्याच्या शेगड्यांवर शिजायचा, आणि त्याचीच शेगडी रोज सकाळी थंडगार. इन्दोकला हे कोडं काही केल्या सुटेना.

"पत्रेवाले, तुमच्या शेगडीत खोट आहे का हो?"

"शेगडीत नाही."

"मग?"

"माणसात असेल. राखेखाली निखारा जपायला जमत नाही बघा."

"मग बायको करा. तिला जमेल."

"करेन… पण ती उशिरा उठणारी निघाली तर?"

"या टेकडीवर तशा मुली नाहीत."

"हे आधी नाही का सांगायचं…" म्हणत तो डब्यात फुंकर घालत निघून गेला. त्या दिवशी इन्दोकने भातात दोनदा मीठ टाकलं.

मग एका सकाळी तो सहज बोलावं तसं म्हणाला, "शनिवारच्या ट्रकने सोलला निघतोय. तिकडे घरं उभी राहतायत, पत्र्याला मागणी आहे."

तिच्या चिमट्यातला निखारा जमिनीवर पडला.

"तिकडे विस्तव कोण देणार?"

"तीच काळजी आहे," तो म्हणाला, आणि डबा उचलून निघून गेला.

इन्दोक दिवसभर धुमसत राहिली. याला खरंच फक्त विस्तव हवा होता? लढाईत वडील गेल्यापासून घरात मायलेकी दोघीच. रोज सकाळी दारात येणारी ती पावलं थांबली, तर तिला फार एकटं वाटणार होतं.

शुक्रवारी ती उजाडताच उठली आणि तिने त्याच्या झोपडीच्या फटीला डोळा लावला. आत शेगडी मस्त लालबुंद फुलली होती. मान्सिकने वाडगाभर पाणी घेतलं, शांतपणे तिच्यावर ओतलं, ओल्या हाताने केस बसवले आणि डबा उचलला.

ती धावत घरी आली. निखारे देताना तिने मान वर केली नाही.

"आज गप्प?"

"धूर गेलाय डोळ्यांत."

शनिवारी तो आलाच नाही. इन्दोकने थोडी वाट पाहिली, मग उठून आपल्या शेगडीवर पाणी ओतलं.

पांघरुणातून आई म्हणाली, "वाडगाभर पुरलं असतं. त्याच्यासारखं."

म्हणजे आईलाही ठाऊक होतं!

मान्सिक गाठोडं बांधत होता. शेगडी आज पेटलेली होती.

"विस्तव हवाय," ती दारातून म्हणाली.

"तुमचा विझला? तुमचा तर कधी…"

"विझवला. तुम्ही विझवता तसा."

त्याचे कान लाल झाले. "रोज विचारायला म्हणूनच यायचो. तुम्ही समोर आलात की… विस्तवच तोंडातून निघायचा. आज तर तेही जमलं नाही."

"मग आता विचारा. पण आईला सोडून मी कुठे जाणार नाही, हे आधीच सांगते."

त्याने गाठोडं सोडलं. आतली छोटी शेगडी काढून बाजूला ठेवली.

"मग ही लहान पडेल. ट्रक पुढच्या शनिवारीही आहे… तोवर तिघांचा भात शिजेल एवढी बनवतो. चालेल?"

तिने मान हलवून हो म्हटलं आणि डबा पुढे केला. त्याने निखारे टाकले आणि तो तिच्याकडे बघत राहिला.

"गार होतायत," ती हळूच म्हणाली.

"होऊ द्या. परत मागायला या."